लेकीचे गरम बूट

माझ्या लेकीचे बूट दुसरीच एक बाई रोज गरम करून देते, हे मला व्हिडिओ कॉलवर कळलं. लेक तेव्हा गुलमर्गच्या खालच्या एका गावात पेइंग गेस्ट म्हणून राहत होती. कॉलेजात असताना मैत्रिणींच्या नादानं ती स्कीइंगचा कोर्स करायला गेली होती आणि मग दर हिवाळ्यात जायला लागली. आता तिला तिथं इन्स्ट्रक्टर व्हायचं होतं. आमच्या घरात आजवर कुणी बर्फावर पाय ठेवला नव्हता. मी आणि माझा नवरा दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, नोएडातल्या फ्लॅटमध्ये राहणारे, डिसेंबर आला की खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवणारे.

"आई, हे बघ," म्हणत तिनं फोन फिरवला. खोलीच्या मधोमध लोखंडी बुखारी, म्हणजे लाकडं घालायची उंच शेगडी, पेटलेली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर, पाटावर, लेकीचे ते प्लॅस्टिकचे अवजड बूट ठेवले होते. बुटांच्या आतलं जाड, मऊ अस्तर बाहेर काढलेलं होतं आणि फेरन हा काश्मिरी पायघोळ झगा घातलेली एक बाई ते मांडीवर घेऊन, भाकरी परतावी तसं, शेकाच्या बाजूला फिरवत होती.

"ही खाला. म्हणजे मावशी गं. हिच्याच घरात राहते मी. दिवसभर घामानं आणि बर्फानं आतून ओले होतात ना बूट, ते ही संध्याकाळी माझ्याकडून काढून घेते. सकाळी दारात गरम बूट तयार! त्यात पाय घातला ना, की इतकी... काय म्हणतात त्याला, गर्माहट..."

"ऊब," मी म्हणाले.

"हां यार, तेच. ऊब."

बाईनं फोनकडे बघून हसून सलाम केला. मीही हसले. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी भाजी चिरायचीच विसरले. दिल्लीच्या जानेवारीत, शाळेची बस यायच्या आधी, मी या पोरीचे मोजे इस्त्रीनं गरम करून तिच्या पायात चढवायची. धुक्यात बस उशिरा आली की पुन्हा वर नेऊन गरम करायची. पुढच्या कॉलवर मी तिला विचारलं, आठवतं का? ती म्हणाली, "मोजे? सॉरी आई, मी खूप लहान असेन."

हिवाळा संपला, ती दिल्लीला परतली. एम.ए.ला असल्यानं मुनिरकात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी यायची. पण आता तिच्याबरोबर खालाही यायची. पालेभाजी केली की "खाला यात नुसता लसूण आणि लाल मिरची घालते." मी दारात चपला नीट लावायला सांगितल्या की "खाला कधी ओरडत नाही." एकदा मी म्हणाले, "खाला ओरडणार कशाला? तू तिला पैसे देतेस." लेक त्या रविवारी न जेवताच निघून गेली.

तेव्हाच मी ठरवलं. पुढच्या हिवाळ्याआधी तिला बूट वाळवायचं यंत्र घेऊन द्यायचं. चांगलंच घ्यायचं. त्या बाईच्या बुखारीची गरजच पडता कामा नये.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर शोधाला लागले. एक प्रकार म्हणजे बुटात घालून ठेवायच्या दोन छोट्या कांड्या. त्या रात्रभर मंद गरम राहतात. पण सकाळी काढल्या की तासाभरात बूट पुन्हा थंड. दुसरा म्हणजे स्टँड, त्याला वर आलेल्या नळ्या, नळ्यांतून गरम वारा. बूट चटकन वाळतात, पण ते धूड खाली गावात ठेवणार कुठे, आणि ठेवलं तर ते त्या घरातच, त्या बाईच्याच नजरेखाली. तिसरी होती बॅग. पाठीवरच्या सॅकसारखी, आतून गरम होणारी. बूट आत ठेवायचे, चेन लावायची, घरात प्लगला जोडायची आणि वर जाताना गाडीतल्या चार्जरच्या सॉकेटला. थेट उतारावर पोचेपर्यंत बूट गरम. फार तापत नाही, त्यामुळे अस्तर खराब होत नाही. तिच्यात मला जे हवं होतं ते सगळं होतं. मधे कुणाचा हात लागणार नव्हता.

नवरा म्हणाला, "अगं, तिला हवंय का ते, विचारलंस तरी?"

"सरप्राइज आहे," मी म्हणाले.

गुडगावच्या एका मॉलमध्ये थंडीच्या खेळांचं सामान मिळतं असं कळलं, म्हणून एका शनिवारी मेट्रोनं एकटीच गेले. दुकानदार साधारण माझ्याच वयाचा होता. त्यानं माझी कॉटनची साडी आणि खांद्यावरची ऑफिसची पर्स पाहिली आणि अदबीनं विचारलं, "मैडम, आप ख़ुद स्कीइंग करती हैं?"

"जी," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

"वाह! फिर तो आप पहनकर ही देखिए. बैग सुबह से लगा रखा है."

नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. त्यानं बॅगेतून बूट काढले, मी साडी घोट्याच्या वर धरून स्टुलावर बसले आणि उजवा पाय आत घातला. ती ऊब टाचेतून वर पोटरीपर्यंत चढली. घरातून निघाल्यापासून एसीनं गारठलेलं माझं पाऊल सैल पडलं. असं वाटलं की कुणीतरी दोन्ही हातांत पाऊल धरलंय. म्हणजे हे. हे ती बाई माझ्या पोरीला रोज सकाळी देते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"टाइट है क्या?" दुकानदारानं घाबरून विचारलं.

"नहीं, बिल्कुल ठीक है. पैक कर दीजिए."

लेकीला बॅग आवडली. तिनं मला मिठी मारली, "आई, ही तर प्रो लोकांकडे असते!" म्हणाली आणि डिसेंबरात घेऊन गेली. मला फार हलकं वाटलं. जानेवारीत तिचा कॉल आला तेव्हा मी आधी तिच्या पाठीमागची खोली न्याहाळली. बुखारीजवळ पाट होता. पाटावर बूट होते.

"बॅग कुठाय?"

"अगं, इथं लाइटचा प्रॉब्लेम आहे. खाला म्हणते व्होल्टेज वरखाली होतं, बॅग जळेल. म्हणून तिनं कपाटात नीट ठेवून दिलीय."

मी "अच्छा" म्हणाले. ज्या घरातून माझ्याशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं, ज्या घरात मागे टीव्ही चालू दिसायचा, तिथं एका बॅगेपुरती वीज नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू आता विजेवर पण संशय घे."

मार्चच्या शेवटी लेक इन्स्ट्रक्टरची परीक्षा पास होऊन आली. पाठोपाठ खालाही आली. तिला डोळ्यांची तपासणी करायची होती. नवऱ्याबरोबर दिल्लीत पहाडगंजच्या एका हॉटेलात उतरली होती. "आई, तिला आपण घरी बोलवायचंच," लेक म्हणाली. मी बोलावलं. सकाळपासून राबून पुरणपोळी केली, कटाची आमटी केली, बटाट्याची भाजी केली. पाहुणचार कमी पडला असं तिला म्हणता येऊ नये.

ती एकटीच आली. तिचा नवरा हॉटेलात आराम करत होता. प्रत्यक्षात ती माझ्याहून लहान निघाली, बारीक, हातांना भेगा पडलेली. खांद्याला मी दिलेली ती बॅग लटकवलेली. पोळी तिनं मन लावून खाल्ली, पण लेकीनं तिला न विचारता, काश्मिरी पद्धतीनं, चहात मीठ घातलं, तिच्या पाठीशी उशी लावली, तिच्या औषधाची वेळ सांगितली, तेव्हा मी ताटातली पोळी बाजूला सारली. मला कुठलं औषध चालू आहे, हे या पोरीला ठाऊक असेल का?

जेवणं झाल्यावर लेक खाली मिठाई आणायला गेली. खालानं बॅग माझ्यापुढे सरकवली.

"ये आप रख लीजिए, बहनजी. एक बार भी नहीं खोला."

"हाँ, वहाँ बिजली की दिक़्क़त है, उसने बताया था."

ती मान खाली घालून म्हणाली, "बिजली तो थी."

मी बॅग जवळ ओढली.

"थोड़ी आती-जाती है, सर्दियों में जैसे सबके यहाँ. पर थी. बैग भी ठीक था. मैंने ही झूठ कहा."

"क्यों?"

"मेरे दो बेटे हैं. गाइड का काम करते हैं. बूट को हाथ नहीं लगाने देते, कहते हैं, अम्मी, छोड़ो." तिनं बॅगेवरून हात फिरवला. "ये लड़की शाम को आकर ख़ुद मेरी गोद में रख देती है. फिर बैठकर सारे दिन की बातें करती है. बैग में रख देती तो अपने कमरे में चली जाती."

मला राग यायला हवा होता, आला नाही. मी जेवणाच्या सुट्ट्या शोधात घालवल्या होत्या, साडीत स्कीचे बूट घातले होते, दुकानदाराला थाप मारली होती, आणि तिकडे ही बाई बॅग कपाटात लपवून माझ्याच पोरीला विजेच्या गोष्टी सांगत होती. मला हसू फुटलं. तिला आधी कळेना, मग तीही तोंडावर ओढणी धरून हसायला लागली.

"मैंने दुकान में कहा था कि मैं स्कीइंग करती हूँ," मी सांगितलं.

"इस साड़ी में?" ती म्हणाली आणि आम्हाला पुन्हा हसू आवरेना.

लेक मिठाईचा डबा घेऊन दारात उभी. "काय झालं? मला पण सांगा ना!"

"कुछ नहीं," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

संध्याकाळी तिला पोचवायला टॅक्सी बोलावली. लेक एकटीच जाणार होती, पण मी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, मीही येते. मागच्या सीटवर आम्ही तिघी बसलो, लेक मधे. दिल्लीत शिरलो तरी ती बोलतच होती. माझ्याशी मराठीत, खालाशी हिंदीत. यमुनेचा पूल ओलांडताना तिनं सांगितलं की परीक्षेच्या दिवशी ती पहिल्याच वळणावर पडली होती, आणि परीक्षकांनी पुन्हा संधी दिली नसती तर सगळं संपलं होतं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. खालाला ते माहीत होतं.

मी खिडकीची काच खाली केली. पहाडगंज यायला अजून बराच वेळ होता. मी लेकीला म्हणाले, "सुरुवातीपासून सांग."