अटळाला चौदा शब्द

आमचे नीलकंठकाका धारच्या दरबारी दफ्तरात मसुदे लिहीत. साधासुधा मसुदा कोणीही लिहील, पण वाईट बातमी लिहायची झाली की सगळे बोट काकांकडे दाखवत. मनावर गावापासून तिरल्यापर्यंत कोणाच्या घरी कोणी गेले, की दूरच्या नातलगांना कळवणारे पत्र काकांच्याच हातचे. त्यासाठी त्यांनी एक वही केली होती. तीत 'अटळ' या शब्दासाठी एक अख्खे पान होते: अपरिहार्य, अनिवार्य, अवश्यंभावी, विधिलिखित, प्राक्तन, ललाटलेख, कालगती... मोजून चौदा. अडाण्याला कुठला, शास्त्र्याला कुठला, नुकत्याच विधवा झालेल्या बाईला कुठला, हे त्यांचे ठरलेले असे. लोकांना त्याने धीर येई, हे खरे. मला मात्र त्या वहीचा मनस्वी राग येई. कारण काकू गेल्या तेव्हाही काकांनी प्राक्तन म्हटले, आंघोळ केली आणि तेराव्यानंतर दफ्तर गाठले. डोळ्यांतून टिपूस नाही. नऊ वर्षांची विनोदिनी कोपऱ्यात बसून बापाकडे बघत होती.

पुढे विनोदिनीचे लग्न देवासला झाले. नवरा उमाशंकर थोरल्या पातीच्या, म्हणजे तिथल्या थोरल्या संस्थानाच्या, शाळेत मास्तर, घरात एक सासू, तिला सगळे अक्का म्हणत. सगळे छान चालले होते.

आणि १९०७ च्या वैशाखात कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आले. अक्षर उमाशंकरचे. 'चि. सौ. विनोदिनीस परवा देवाज्ञा झाली', एवढीच एक ओळ. काकांनी कार्ड दोनदा वाचले, फाडले, डोक्यावरून पाणी घेतले आणि ते निघाले. धारहून महूपर्यंत टांगा, महूहून इंदूरला आगगाडी, इंदूरहून देवासला पुन्हा टांगा. वाटभर त्यांनी पान पाठ म्हटले. चौदा शब्द संपले की पुन्हा पहिल्यापासून. त्यांनीच नंतर मला सांगितले, की तेव्हा ते शब्द चघळून चोथा झालेल्या उसासारखे लागत होते. पण थुंकायचे तरी कुठे? टांगेवाल्याला गोष्ट कळल्यावर तो म्हणाला, "होनी कू कोन टाले, भिया." काकांनी मान हलवली. लोकांना आपण हेच सांगत आलो, आणि लोकांना हे ऐकून कसे वाटत असेल, ते त्यांना त्या दिवशी कळले. रडू मात्र आले नाही.

देवासला घरासमोर उतरले तर अंगणात बाजेवर कुरडया घालत कोण बसलेले? विनोदिनी. जिवंत. फक्त डोळे खोल गेलेले.

उमाशंकर धावत आला आणि काकांच्या पायाच पडला. झाले होते ते असे. पंधरा दिवसांपूर्वी विनोदिनीने परसात कावळ्याचा जोडा संग करताना पाहिला. ते ज्याच्या दृष्टीस पडेल तो सहा महिन्यांत जातो, अशी आपल्याकडे समजूत. तोडगा एकच: त्याच्या मरणाची खोटी खबर सर्वांत जवळच्या माणसाला धाडायची. त्याने खरे समजून रडायचे, म्हणजे मरण रडून झाले असे धरतात. आई नाही, भाऊ नाही, उरले काका. खरे कळवणारे दुसरे कार्ड उमाशंकरने लगेच टाकले होते, ते वाटेत चुकामूक होऊन धारला गेले. तोडगा काकांनाही माहीत होता. पण मास्तर माणूस खोटे लिहील, हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते.

अक्का दाराआडून बाहेर आल्या. त्यांनी ना क्षमा मागितली, ना पाणी विचारले.

"व्याही, रडलात ना?"

काका खोटे बोलणारे नव्हते. म्हणाले, "नाही."

अक्कांनी कपाळावर हात मारला. विनोदिनीचा चेहरा पांढराफटक पडला. पंधरा दिवस पोरीला धड झोप नव्हती, घास उतरत नव्हता. बाप रडला असेल, एवढ्या एका आशेवर ती चालत होती. काकांचा कावळ्यावर विश्वास नव्हता, पण या भीतीने लेक खरेच झिजून जाईल, हे त्यांना समोर दिसत होते. समजूत घालायला त्यांनी तोंड उघडले. चौदांपैकी एकही शब्द उपयोगाचा नव्हता. सगळे भलत्याच बाजूचे.

विनोदिनीने त्यांच्यापुढे गूळपाणी ठेवले आणि हळूच म्हणाली, "असू द्या बाबा. तुम्ही आईसाठी तरी कुठे रडला होतात?"

त्यावर काका मटकन् बाजेवर बसले, चांगले ओल्या कुरडयांवरच, आणि त्यांना जे रडू फुटले ते शेजारपाजार गोळा होईपर्यंत. उमाशंकर घाबरला. जिवंत मुलीसमोर रडलेले चालते का, असे त्याने आईला विचारले. अक्का ठासून म्हणाल्या, "खबर खरी समजून निघाले होते ना? मग रस्त्यात पडलं काय आणि अंगणात पडलं काय. रडणं पोचलं."

विनोदिनीने मोठा श्वास सोडला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

"बाबा, पुरे आता. वाचले मी."

पण काका थांबेनात. त्यातले अर्धे रडणे तिच्या आईचे होते, आणि ते बारा वर्षे राहून गेले होते.