तिसरा प्रार्थना-विषय: खांडमा

प्यो योनशिमला प्रार्थना छान करता यायची आणि पत्रं त्याहून छान लिहिता यायची. तिचा सगळा घोटाळा झाला तो या दुसऱ्या गुणापायी.

दक्षिण कोरियातल्या सुंचन गावी एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकवीस वर्षं पाचशे पोरांचा भात शिजवला. नवरा वारला, लेक लग्न होऊन लांब गेली. एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी मंडळीला विचारलं, "परदेशी सेवेला कोण जाईल?" आणि ही उभी राहिली. उभी राहिल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, पण चारशे माणसांसमोर उठलेलं माणूस पुन्हा खाली कसं बसणार? वर्षाच्या आत तिथली भाषा शिकून ती मंगोलियातल्या एका माळरानावर येऊन पडली. सोबत बायबल आणि लाल तिखटाचे चार डबे. "देव पुरवील," असं ती सगळ्यांना सांगायची. रोज उठून स्वतःलाही सांगायची, कारण भीती तिला पुष्कळ वाटत असे.

गावाबाहेरच्या टेकाडावर लोकरीच्या जाड नमद्याची दोनच गोल घरं होती. एक तिचं, दुसरं खांडमाचं. खांडमा सत्तरी उलटलेली, मेंढ्या राखणारी, तोंडाची फटकळ. सुंचनच्या सवयीने योनशिम पहाटे पाचला उठे, "प्रभू!" अशी तीनदा हाक मारी आणि मग गळा मोकळा सोडून प्रार्थना करी. सुंचनला चारशे जण एकदम तसं करतात, तेव्हा कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. इथे एकटीचा आवाज पार नदीपर्यंत जायचा. दिवस मेंढ्या व्यायचे होते. तिसऱ्या पहाटे खांडमा दारात हजर.

"अगं ए बाई, तुझा देव बहिरा आहे का? मेंढ्या बिथरल्यात माझ्या! एक तर कोकराला जवळ घेईना झालीय."

भांडण एवढंच. त्याच दुपारी म्हातारी पुन्हा आली ती गोवऱ्यांचं टोपलं घेऊन. चूल कशी रचायची ते तिने दाखवलं. "असा धूर करत राहिलीस तर मरशील, आणि उचलायला मलाच यावं लागेल," म्हणाली.

पण मंडळीला दर महिन्याला पत्र पाठवायचं असे, आणि पत्राच्या शेवटी प्रार्थनेचे विषय लिहायचे, एक, दोन, तीन, असे क्रमाने. सुंचनच्या बाया ते कागद पहाटेच्या प्रार्थनेला पुढ्यात ठेवून, नाव घेऊन रडतात. पत्रात सगळंच बरं चाललेलं असलं तर बाया रडणार कशावर? योनशिमने लिहिलं: "तिसरा विषय. शेजारीण खांडमा. अंधाराच्या सत्तेखाली आहे, प्रार्थनेला विरोध करते. तिचं कठीण मन मोडावं." उत्तर उलट टपाली आलं. सगळ्यांनी विचारलं, खांडमाचं पुढे काय झालं? मग काय करते! पुढच्या पत्रात खांडमा आणखी कठीण झाली, त्याच्या पुढच्यात त्याहून. इकडे खरी खांडमा तिला दही देत होती.

पहिल्या हिवाळ्यात मात्र योनशिमची खरी परीक्षा झाली. तिकडे थंडी पडली की घरोघरी वर्षाचं मांस कापून गोठवून ठेवतात. तिला ते ठाऊकच नव्हतं, ती सुंचनसारखा मुळा मिठात मुरवत बसली. रस्ते बंद झाले, तांदळाचं पोतं तळाला गेलं. तीन दिवस ती पातळ पेज पीत देवाला म्हणाली, "तू आणलंस, आता तूच बघ." चौथ्या सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी अर्धी मेंढी, लाकडासारखी कडक, स्वच्छ कापडात बांधलेली. ताज्या बर्फात बुटांचे ठसे होते. ते सरळ खांडमाच्या दारापर्यंत गेले होते.

योनशिमने ते पाहिले. नीट पाहिले. आणि पत्रात लिहिलं: "कोणी ठेवलं, माणसाला ठाऊक नाही. ज्या देवाने एलीया संदेष्ट्याला कावळ्यांकरवी अन्न धाडलं, त्याचंच हे काम." सुंचनला ती साक्ष छापून वाटली, पाळकांनी तिच्यावर उपदेश केला. खांडमाचं नाव त्यात कसं घालणार? त्याच पत्रात खाली ती तिसऱ्या विषयात होती.

दोन वर्षांनी मंडळीचे सहा जण भेटीला आले. त्यांच्यात मो काकू होती, सत्तरीची विधवा. तिने एक लोकरी जाकीट विणून आणलं होतं. कोणासाठी? तर खांडमासाठी.

"आधी तिच्याकडेच जाऊ," मो काकूने हट्ट धरला. योनशिमने नाना सबबी सांगितल्या: मेंढ्या लांब गेल्यात, कुत्रं वाईट आहे, म्हातारी झोपली असेल. तेवढ्यात खांडमानेच हाका मारल्या, "पाहुणे आलेत आणि चहा माझ्याकडे नाही म्हणजे काय?"

सगळे आत बसले. मीठ घातलेला दुधाचा चहा फिरला. दोन्ही भाषा येणारं माणूस त्या घरात एकच होतं, योनशिम. मो काकूने खांडमाचे दोन्ही हात धरले.

"मिशनरीबाई, सांगा हिला. दोन वर्षं रोज पहाटे मी हिचं नाव घेऊन रडलेय. देवा, या बाईचं दगडाचं काळीज फोड, असं म्हणत. आणि बघा, आज ती आपल्याला चहा पाजतेय!"

"काय म्हणते गं?" खांडमाने विचारलं.

"म्हणते," योनशिम म्हणाली, "आमच्या बाईला सांभाळलंत, फार उपकार झाले."

"उपकार कसले डोंबलाचे! सांग तिला, पोर कामाला मठ्ठ आहे, चूल अजून धड पेटत नाही. पण मनाची सरळ आहे. खोटं बोलत नाही."

"काय म्हणाली?" सहाही जण पुढे झुकले.

"म्हणाली, ती देवाचा विचार करतेय."

"हालेलूया!" मो काकूला हुंदका आला. तिला रडताना पाहून खांडमाचेही डोळे भरले. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या, कशासाठी ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. मधे बसलेल्या योनशिमला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपण भाषा शिकलो ती यासाठी? तिला स्वतःची किळस आली. तरी संध्याकाळी गाडी परत जाणार होती, तेवढा वेळ निभावला की झालं, असा हिशेब तिच्या मनात चालू होताच.

डोळे पुसत मो काकू म्हणाली, "अहो, हिला विचारा ना! ते मांस तुमच्या दाराशी कोणी ठेवलं? शेजारचीच ही. हिनं पाहिलं असेल."

खांडमा योनशिमच्या तोंडाकडे बघत होती, काय विचारलंय ते ऐकायला. त्या चेहऱ्यावर जरासुद्धा संशय नव्हता. तो असता तर योनशिमने आणखी एक खोटं सहज रचलं असतं.

"हिनंच ठेवलं होतं," ती कोरियन भाषेत म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. ही कधी वाईट नव्हती. मी लिहिलं ते सगळं खोटं आहे."

मो काकूने जाकिटाची घडी मांडीवर घेतली आणि हळूच विचारलं, "मग मी दोन वर्षं कुणासाठी रडले?"

"झालं काय? मला सांगेल का कुणी?" खांडमा वैतागली.

तेव्हा योनशिमने तिलाही सांगितलं. पत्रं, अंधाराची सत्ता, कठीण मन, कावळे, काही म्हणजे काही ठेवलं नाही. मान वर न करता सांगितलं.

म्हातारीने मो काकूकडे बोट केलं. "ही बाई रोज पहाटे उठून माझं नाव घेते? इतक्या लांब? माझे पोटचे मुलगे शहरात आहेत, ते सणालासुद्धा घेत नाहीत. तिला म्हणावं, थांबू नकोस. फक्त मन ठीक आहे, गुडघा कठीण झालाय. त्याचं बघ म्हणावं."

योनशिमने शब्दाला शब्द लावून ते सांगितलं. मो काकू रडता रडता हसली, उठली आणि जाकीट खांडमाच्या अंगात घालून तिची बटणं लावू लागली.

"आणि तू गं?" बटणं लावून घेता घेता खांडमा म्हणाली. "मांस मी दिलं, हे तुझ्या देवाला ठाऊक होतं ना?"

"होतं, आजी."

"मग रोज पहाटे त्याच्यासमोर तोंड कसं उघडत होतीस?"

उत्तरासाठी म्हातारी थांबली नाही. ती चहा ओतू लागली. त्या माळावर वाटी पाहुण्याच्या हातातच देतात, वाट चुकून आलेल्या परक्यालाही. खांडमाने सहा वाट्या सहा जणांच्या हातात दिल्या. सातवी तिने योनशिमच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.