साहेबरावची आठ फुटांची टेप

रावेतच्या आमच्या सोसायटीत मध्यंतरी एक कुजबुज फिरत होती. साहेबरावने म्हणे रहाटणीत दुसरं घर थाटलंय. बातमी आणली कुसुमताईंनी, आणि त्या काही ऐकीव बोलत नव्हत्या. धावत्या रिक्षातून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं: गुरुवारची दुपार, साहेबराव इस्त्रीच्या शर्टात गुडघ्यांवर बसून टेपने फरशी मोजतोय आणि टेपचं दुसरं टोक एका तरण्या पोरीने भिंतीशी धरलंय. वरची पाटी रिक्षाच्या टपाआड गेली, तेवढी वाचायची राहिली. संध्याकाळपर्यंत त्या घरात सोफा आला, पडदे आले, पाळणाही आला. पाळणा कुणी आणला ते विचारू नका.

आता साहेबराव म्हणजे कोण, तर चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे सुटे भाग तपासणारा माणूस. केसाएवढा फरक दिसला तरी अख्खा लॉट परत पाठवणार. बाजारातून पाव किलो भेंडी आणायची तर एकेक भेंडी उजेडाला धरून बघणार. "मला पसंत करायला यांनी दोन महिने घेतले," त्याची बायको विजयश्री सांगते, "आणि अजून कधीकधी बघतात, परत पाठवायची सोय आहे का ते."

अशा माणसाला टीव्ही घ्यायचा होता, आणि तोही वीस हजारांच्या आत. घाई होती त्याच्या वडिलांना, दत्तोबांना. दत्तोबा चाकणजवळच्या गावचे जुने बैलगाडाशौकीन. गुडघे गेले म्हणून लेकाकडे राहायला आले. येताना त्यांनी हाताने वाढवलेला खोंड पुतण्याला, नवनाथला देऊन टाकला. तो खोंड यंदा गावच्या यात्रेत पहिल्यांदा धावणार होता. शर्यत मोबाइलवर लाइव्ह दिसते, पण घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीच्या, टोकाला घड्याळावर सेकंदांचा जो लाल आकडा उमटतो, तो दत्तोबांना काही केल्या वाचता येईना. घरातल्या जुन्या टीव्हीवरही तेच.

"मी वाचून सांगतो की, आबा," साहेबराव म्हणाला.

"नगं. ह्या घाटात समदी खोटं बोलत्यात. तेरा सेकंद लागलं तर अकरा सांगत्यात. माझ्या खोंडाचा आकडा मीच वाचनार."

झालं. साहेबरावने कामाला लागायचं ठरवलं. घरात पलंग ते भिंत अंतर मोजलं: आठ फूट. पेन ड्राइव्हवर मागच्या यात्रेची शर्यत घेतली, खिशात टेप टाकली आणि सुट्टीच्या गुरुवारी रहाटणीतलं एक टीव्हीचं दुकान गाठलं. कुसुमताईंची ती तरणी पोर म्हणजे तिथली विक्रेती, मिनल.

दुकानातले सगळे टीव्ही पोपट आणि मासे दाखवत होते. पोपटाचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं. साहेबरावने आपला पेन ड्राइव्ह पुढे केला. पोपट उडाले, घाट आला आणि सगळ्या टीव्हींचा चेहरा उतरला. महागड्या फोर-केवरसुद्धा बैल धुळीत कालवल्यासारखे.

"हा टीव्ही खराब आहे," साहेबराव म्हणाला.

"टीव्ही चांगला आहे, दादा. चित्रीकरण गरीब आहे," मिनल म्हणाली. "गढूळ पाणी चांदीच्या तांब्यात ओतलं म्हणून निवळतं का?"

हे वाक्य त्याला पटलं. मग पुढचे चार गुरुवार त्याने त्या पोरीला सळो की पळो केलं. तिनेही त्याला नीट शिकवलं. एचडी रेडी म्हणजे चित्रात ठिपके कमी, फुल एचडीत त्याच्या दुप्पट, फोर-केत फुल एचडीच्या चौपट. पण मूळ शर्यतच फुल एचडीत येत असेल तर वरचे ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. बत्तीस इंचीत एचडी रेडी चालून जातो, त्रेचाळीसला फुल एचडी बघावा. आणि खोक्यावर काहीही छापलेलं असो, आपल्या घरात जेवढ्या अंतरावर बसणार तेवढ्याच अंतरावरून बघावा. म्हणून ती टेप, आणि फरशीवर खडूची खूण.

इकडे विजयश्रीच्या कानावर पाळणा पोचला होता. चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, "रहाटणीत कोण आहे म्हणे?"

"मिनल," साहेबराव कागदावर आकडे मांडत म्हणाला. "हुशार आहे. पण महागातलं गळ्यात मारायला बघते."

विजयश्रीने चहाचा कप त्या आकड्यांवरच ठेवला. पुढच्या गुरुवारी मात्र ती दत्तोबांना रिक्षात घालून सोबत निघाली.

दत्तोबांना खुणेवर खुर्ची दिली. मिनलने यंदाची, चांगल्या चित्रीकरणाची एक शर्यत लावली. बत्तीस इंची: "न्हाई दिसत." त्रेचाळीस: "लाल काय तरी हाय." मग साहेबरावने जीव मुठीत धरून पंचावन्न इंची फोर-के लावायला सांगितला. आकडा पोळपाटाएवढा झाला.

"दोन दोन आकडे हायती," दत्तोबा म्हणाले. "एकावर एक."

विजयश्री पुढे झाली आणि तिने सासऱ्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला. "आता?"

"आता नुसतं धुकं हाय, पोरी."

साहेबराव हळूच म्हणाला, "माल तपासला, माप तपासलं. तपासणाऱ्याचा डोळा तपासायचा राहिला." कंपनीत हेच तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन कंपनीच्या विम्यात बसलं. काळा चष्मा लावून दत्तोबा महिनाभर सोसायटीच्या बाकावर बसले, पुढाऱ्यासारखे. यात्रेच्या आधी त्रेचाळीस इंची फुल एचडी भिंतीवर चढला. साहेबरावने त्याच्यावर पाणसळ ठेवून तो तिरका नाही ना ते बघितलं, हे सांगायला नकोच.

यात्रेच्या दिवशी खोंड सुटला, घाट चढला, भंडारा उधळला. दुसऱ्या मिनिटाला नवनाथचा फोन. "आबा, अकरा सेकंद!"

"बारा," दत्तोबा पलंगावरून म्हणाले. "वर पॉइंट एकोणचाळीस. मला दिसतंय, गाढवा."

आणि मग एकटेच हसत बसले. बारा सेकंदही पहिल्या वर्षाच्या खोंडाला वाईट नाहीत.

साहेबरावचं रहाटणीत घर नव्हतं. आठ फुटांवरून टीव्हीतला आकडा वाचता येतो का, ते तो बघत होता.