रोडपालीतला वास

काल संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले आणि लहानपणीचा तोच कुजका, घशाला टोचणारा वास आला. मी शाळेत असताना आम्ही खाडी आणि कारखान्यांजवळच्या रोडपालीत नवीनच राहायला आलो होतो. इमारतींच्या मधे गावातली थोडी कौलारू घरं अजून उरली होती. शेजारच्या घरात एक आजी कोंबड्या पाळून एकट्याच राहायच्या. आमची इमारत त्यांच्याच भातशेतीवर उभी होती. थंडीतल्या एका संध्याकाळी असाच वास पसरला. "खाडीचा असेल," आई म्हणाली. तेवढ्यात आजी अंगणातून ओरडल्या, "खाडीचा नाय गं बाय, ह्यो येगलाच हाय. पोरांना घेऊन जा!" धाकटा भाऊ खोकून खोकून निळा पडायला लागला. आईने रिक्षा थांबवली, आजींनाही बोलावलं. "मी कुठं जाऊ? माजं घर हितंच हाय," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. भावाला पनवेलच्या दवाखान्यात रात्रभर ठेवलं. सकाळी आम्ही परतलो, तेव्हा आजी लालभडक डोळ्यांनी पायरीवर बसल्या होत्या आणि अंगणभर कोंबड्या मरून पडल्या होत्या. तो वास कुठून आला, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. काल मी सगळ्या खिडक्या लावल्या आणि झोपलेल्या लेकीचा श्वास ऐकत बसले.