लखलख मावशीचा हात

शाळेत तिला लखलख मावशी म्हणत. सव्वीस वर्षं ती त्याच तीन मजल्यांच्या फरश्या पुसत होती. पुसून झालं की मान तिरकी करून उजेडात बघायची, आणि डाग राहिला असेल तर स्वतःवरच करवादायची. फिनेल, साबण आणि कढत पाण्यानं तिच्या तळहातांचं पार वाटोळं केलं होतं. भेगाच भेगा, आणि उजव्या अंगठ्याखाली इस्त्रीनं भाजल्याचा तिरपा डाग. दिसायला असे, पण त्या इमारतीत तिच्याइतके स्वच्छ हात दुसऱ्या कुणाचे नव्हते. हे कौतुक नव्हे. ते तपासून झालं होतं.

घरी ती आणि तिची चौथीतली नात, एवढंच. पोरीची आई दूरच्या गावी दुसरा संसार थाटून बसली होती आणि वर्षातून दोनदा फोन करायची. नात म्हणजे म्हातारीचा जीव की प्राण. शाळा सुटली की पोरगी आजीचा हात धरायची आणि वाटभर त्या भेगांवरून बोट फिरवत बडबडायची. म्हातारीला याच्यापलीकडे काही नको होतं.

त्या वर्षी शाळेत बारा गॉगल आले. डोळ्यांवर चढवले की खोली नाहीशी व्हायची आणि मुलं कुठल्या कुठे पोचायची, कधी रक्तवाहिनीत, कधी आतड्यात. यंत्रात आपले फोटोही घालता यायचे, म्हणून विज्ञानाच्या मॅडमनी जंतूंचा धडा स्वतःच तयार करायला घेतला. त्यांनी मावशीच्या आणि स्वतःच्या हाताचे फोटो काढले, मग मावशीचा तळहात एका बशीतल्या, जंतू वाढवायच्या जेलीवर दाबला, दुसऱ्या बशीत स्वतःचा. बशा चार दिवस उबेत ठेवल्या. पाचव्या दिवशी बाहेर काढल्या तेव्हा मावशी तिथेच केर काढत होती. तिची बशी कोरी करकरीत. मॅडमच्या बशीत पिवळ्या-करड्या ठिपक्यांची नुसती रेलचेल.

"अगं बाई!" मॅडम हसल्या. "मावशी, तुम्ही जिंकलात की!"

पण कोऱ्या बशीचा धडा होत नाही. आणि मॅडमचा हात फोटोत गुळगुळीत, नेलपॉलिश लावलेला. त्यावरून चालण्यात मुलांना काय मजा? म्हणून हात घेतला मावशीचा, भेगा दऱ्यांसारख्या दिसतात म्हणून, आणि जंतू घेतले मॅडमच्या बशीतले. "मुलांना कुठं कळतंय कुणाचा हात ते," असं म्हणून त्यांनी बशा उकळून टाकून द्यायला सांगितल्या. मावशीनं त्या नीट वीस मिनिटं उकळल्या आणि टाकून दिल्या.

चौथीचा तास लागला. गॉगल पुसायला मावशी स्पिरिटचा बोळा घेऊन दाराशी उभी होती. बारा मुलं गॉगल चढवून हवेत हात हलवत होती. एवढ्यात नात ओरडली, "हा माझ्या आजीचा हात आहे! तो बघा डाग, अंगठ्याखाली! मी आजीच्या हातावर चालतेय!"

काय आनंद झाला होता पोरीला! तिच्या घरचं असं काही आजवर शाळेत कुणी बघितलं नव्हतं. "इकडे या, अजून पुढे या," करत ती सगळ्यांना डाग दाखवत राहिली, आणि अकरा मुलं तिच्यामागून भेगेच्या काठावर आली. मग मॅडमनी कळ दाबली. भेगांतून ते वर आले, आधी गुडघ्याएवढे, मग डोक्याएवढे, पिवळे, लिबलिबीत, केसाळ. मुलं किंचाळली. एकीनं गॉगल फेकून दिला, एकाला तिथंच उलटी झाली. नात किंचाळली नाही. ती जागच्या जागी गोल फिरत अंगावरचे कपडे झटकत राहिली.

मावशीनं जाऊन उलटी पुसली. ते तिचंच काम होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती जंतूमावशी झाली. तिला बघून मुलं भिंतीला चिकटून जायची. तिनं भरलेल्या पिंपातलं पाणी कुणी पिईना. पालकांच्या चिठ्ठ्या आल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी गोड बोलून तिला वर्गांतून काढलं आणि मागच्या संडासांवर घातलं. नातीला मधल्या सुट्टीत कुणी शेजारी बसू देईना. मावशीनं सगळं सोसलं. पण शाळा सुटल्यावर पोरगी दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांत अडकवून चालू लागली, तेव्हा मात्र तिला राहवेना.

ती मॅडमकडे गेली. "पोरांना खरं सांगा ना, मॅडम. ते जंतू माझे नव्हते."

"अहो मावशी, इतकं काय मनाला लावून घेता? मुलं आता जेवायच्या आधी आपणहून हात धुतात. केवढं मोठं काम झालं तुमच्यामुळे!"

"निदान माझ्या नातीला तेवढं सांगा."

मॅडमनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "आणि उद्या मुलं माझ्या हातून वह्या घेईनाशी झाली, तर मी शिकवू कशी?" बाई दुष्ट नव्हती, भित्री होती. मावशीला त्यानं काय फरक पडणार होता?

शेवटी घरी तिनं स्वतःच दोन बशांची सगळी हकिगत सांगितली. पोरीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग कुठाय तुझी बशी?"

"उकळून टाकली."

"आजी, तू खोटं बोलत नाहीस, माहितीये मला," पोरगी समजुतीच्या सुरात म्हणाली. "पण मी बघितलंय ना. मी त्यांच्यात उभी होते."

मावशी उठली आणि नळाखाली, तिच्या देखत, ब्रशनं हात घासू लागली. भेगा उलून रक्त यायला लागलं तरी थांबली नाही. "घे, बघ आता," म्हणून तिनं हात पुढे केले. पोरगी भिंतीपर्यंत मागे सरली.

सकाळी वेणी घालायच्या वेळेला पोरगी शेजारणीकडे जाऊन आली. तिनं भांडी घासायचे रबरी हातमोजे मागून आणले होते. ते आजीच्या मांडीवर ठेवून ती पाठ करून बसली. मावशीनं ते चढवले. आतल्या ओल्या भेगांना रबर चिकटलं. जे केस ती डोळे मिटूनही विंचरू शकायची, ते आज बोटांना लागतच नव्हते.

"ओढू नकोस गं," पोरगी म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी, अगदी निर्धास्त, आजीच्या गुडघ्यांना टेकून मागे रेलली.