ओकेची दुरुस्ती

गजभिये सर गेल्याचा निरोप आमच्या शाळेच्या ग्रुपवर आला, तेव्हा एका पठ्ठ्याने सवयीने खाली 'ओके' असं ठोकून दिलं. मिनिटभरात पुसलंही बिचाऱ्याने. पण मी ते वाचलं होतं, आणि डोळ्यांत पाणी असताना मला हसू फुटलं. सर असते तर प्रताप नगरातल्या घरातून उठून थेट त्याच्या दारात गेले असते... ओके आलं कुठून, ते विचारायला.

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. आठवीच्या पहिल्याच दिवशी ते ओकेची गोष्ट सांगत. लढाईवरून परतलेल्या तुकडीतलं कोणीच मेलं नसेल, तर छावणीच्या पाटीवर 'झिरो किल्ड' म्हणून शून्य आणि के लिहीत. तेच आपलं ओके. सांगताना सर स्वतःच सैनिक होत, दमल्या पावलांनी टेबलाला फेरी मारत आणि शेवटी फळ्यावर भलंमोठं शून्य काढत. आम्ही बाकं बडवायचो. माझी इंग्रजीची भीती तिथेच गेली.

निवृत्तीनंतर एकदा नातीने मोबाइलवर दाखवलं की ही गोष्ट खरी नाही. अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने गमतीने 'ऑल करेक्ट' हे मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने, ए आणि सीऐवजी ओ आणि के घालून छापलं होतं, त्याची ही आद्याक्षरं. सर दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "तीस वर्षं पोरायले खोटं शिकवलं गा मी. आता एकेकाले गाठून सांगा लागते."

ज्यांचे पत्ते मिळाले त्यांची नावं सरांनी एका डायरीत उतरवली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून मोहीम सुरू झाली. नुसतं ऐकून सुटका नव्हती. विद्यार्थ्याने उभं राहून खरी गोष्ट परत सांगायची, मगच त्याच्या नावापुढे सर ओके लिहीत. रामदासपेठेत एका विद्यार्थ्याच्या दवाखान्यात आम्ही रीतसर नंबर लावून बसलो. काय दुखतंय, असं डॉक्टरने विचारलं. सरांनी दुखणं सांगितलं, ते ओकेचंच! डॉक्टर मुकाट्याने उभा राहून धडा म्हणाला. हुडकेश्वरला एकाच्या नव्या घराचा स्लॅब टाकणं चाललं होतं, तो वर उभा होता. आता याने काय फरक पडतो सर, असं तो वैतागून म्हणाला. "तुले नसन पडत, मले पडते," सर म्हणाले, आणि त्याला खाली उतरवलंच.

पुढे सरांचं छातीचं दुखणं बळावलं. यादी अपुरी राहील याचीच त्यांना धास्ती होती. उरलेल्यांना त्यांनी पलंगावरून फोन केले...

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी काकूंना, सरांच्या पत्नीला, भेटायला गेलो. डायरी टीपॉयवरच होती, आत पेन. मी पानं चाळली. सगळ्या नावांपुढे ओके, फक्त एक नाव कोरं. माझं! प्रत्येक दारात मी सोबत होतो, पण गोष्ट म्हणून दाखवायची माझी पाळी कधी आलीच नव्हती.

काकूंनी डायरी हातात घेऊन चष्मा लावला. "म्हण गा, मी ऐकून राहिली."

पन्नाशीचा मी, हात सरळ ठेवून उभा राहिलो आणि सगळं म्हणालो. वर्तमानपत्र, गंमत, आद्याक्षरं. काकूंनी मान डोलावली.

"बरोबर आहे. पण मले तं पहिलीच गोष्ट आवडे," त्या म्हणाल्या. "तिच्यात कोणीच मरत नव्हतं."

आणि सरांच्या पेनाने त्यांनी माझ्या नावापुढे ओके लिहिलं.