सुमतीनं गहू सोडला

स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चहा येईपर्यंत एक जण सांगतो, दुसरा त्यात मीठ घालतो, आणि काही वर्षांनी बघावं तर कपाट भरलेलं. आमच्या तुळजापूरच्या कन्याशाळेतले निम्मे किस्से सुमतीचे. मी तिथं गणित शिकवायचो. ती भूगोल, अगदी रिटायर होईपर्यंत. घरी आम्ही नवरा-बायको. ती गेल्याला आता वर्ष होईल. माझ्यासमोर लोक तिचे किस्से सांगायचे थांबलेत, म्हणून मीच सांगतो.

*

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं आणि आपण मुंबई राज्यात गेलो, त्या सुमाराची गोष्ट. सुमतीचं पोट दोन वर्षं दुखत होतं. धाराशिवचे डॉक्टर म्हणाले, "गहू पूर्ण बंद."

"आमच्यात रोज ज्वारीच, डॉक्टर. गहू सणाला. मग सण बंद करू का?"

"आणि बिस्किटं?"

तिनं माझ्याकडं न बघता पिशवी उचलली. स्टाफरूममधला बिस्किटांचा डबा कोण संपवतं, ते मला त्या दिवशी कळलं.

*

पंधरा दिवसांत पोट शांत झालं आणि तोंडावर फोड उठले. कपाळ, गाल, हनुवटी, काही सोडलं नाही. शेजारच्या अंबूकाकूंनी ठरवूनच टाकलं, की देवी आल्या. मी दाढी करून बाहेर पडलो तर त्यांनी दारातच अडवलं. "घरात आई आलीय अन् तुम्ही वस्तरा चालवता व्हय?"

आतून सुमतीचा आवाज आला, "काकू, आई आली नाही. गहू गेलाय."

*

मुलतानी माती झाली, हळद झाली. शेवटी मीच हळूच म्हणालो, "एखादी पोळी खाऊन बघ. तोंड तरी नीट होईल."

"तोंड लोकांना दिसतं. पोट मला दुखतं."

त्या वर्षी पुरणपोळीसुद्धा ज्वारीच्या पिठाची झाली. म्हणजे झाली नाही, पण आम्ही खाल्ली.

*

तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते शिक्षण खात्याच्या साहेबांच्या तपासणीवर ठरणार होतं. पुण्याकडून आलेले हेडमास्तर म्हणाले, "बाई, चार दिवस रजा घ्या. साहेब हे तोंड बघून काय म्हणतील?" रजा घेतली की कायम होणं वर्षभर पुढं जाणार, हे दोघांनाही माहीत होतं.

"मी तोंडानं शिकवते, सर. तोंडावर नाही."

त्यांनी पुढं केलेला रजेचा अर्ज कोराच परत गेला.

*

तपासणीच्या सकाळी आमच्या शिपाईबाईनं कुणाला न विचारता तिच्या वर्गाच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले, देवी आलेल्या घराला बांधतात तसे. साहेब आले. त्यांनी डहाळे बघितले, सुमतीचं तोंड बघितलं, उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि हात जोडून उभे राहिले. मागं हेडमास्तरांनीही घाईघाईनं चपला काढल्या.

सुमतीनं नकाशावरची छडी खाली घेतली नाही.

"बूट घालून आत या, साहेब. इथं देवी नाही, भूगोल चालू आहे."